शुद्ध पोर्तुगीज कुठे बोलतात?

टेलिफोनसाठी पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, तो लिस्बनमध्ये आणि रिओ दि जानेरोमध्ये अगदी सारखाच लिहितात. त्यात चार स्वर आहेत. रिओचा माणूस ‘तेलेफोनी’ म्हणतो आणि चारही स्वर ऐकणाऱ्याच्या पदरात नीट टाकतो. लिस्बनचा माणूस ‘त्लफॉन’ असे काहीसे म्हणून मोकळा होतो. चारांपैकी एकच स्वर कानावर ठळकपणे पडतो. कागदावर एक असलेला शब्द तोंडातून बाहेर पडताना असा दुभंगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे यातला खरा उच्चार कोणता. त्याची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले असे की भाषा पोर्तुगालची, तेव्हा उच्चारही तिथलेच खरे. समुद्रापार गेल्यावर तिच्यात भेसळ झाली. दुसरे याच्या नेमके उलटे: पोर्तुगालमध्ये भाषा झिजली, ब्राझीलने मात्र सोळाव्या शतकातले मूळ रूप सांभाळून ठेवले. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने चुकतात. एखाद्या बोलीला एकच एक वय असते, ती संपूर्ण जुनी तरी असते किंवा संपूर्ण नवी तरी, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात पोर्तुगीजच्या प्रत्येक बोलीत काही ध्वनी जुने आहेत आणि काही नवे, आणि ही वाटणी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. ‘शुद्ध’ हा शिक्का मात्र ध्वनीचे वय पाहून बसत नाही. तो कुठे बसतो, हे राजधानी, दरबार, विद्यापीठ आणि अलीकडे टीव्ही स्टुडिओ कुठे आहे यावर ठरते.

आधी या भाषेचा विस्तार लक्षात घ्यायला हवा. पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम एक कोटी. ब्राझीलची 2022 च्या जनगणनेनुसार वीस कोटी तीस लाखांच्या आसपास. म्हणजे जिच्या नावात पोर्तुगाल आहे, ती भाषा बोलणारा प्रत्यक्षात पोर्तुगालचा असण्याची शक्यता फार कमी. याशिवाय अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ तोमे, पूर्व तिमोर अशा देशांत ती राजभाषा आहे. गोवा, दमण, दीव आणि वसई-चौलपर्यंतच्या कोकणपट्टीत ती कधीकाळी सत्तेची भाषा होती. पंधराव्या शतकापासून निघालेल्या जहाजांनी ही भाषा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांच्या तोंडून, वेगवेगळ्या किनाऱ्यांवर उतरवली. प्रत्येक किनाऱ्यावर तिचा पुढचा प्रवास स्वतंत्रपणे झाला. पण एक किनारा या हिशेबातून नेहमी निसटतो, तो म्हणजे खुद्द लिस्बनचा. जहाजे निघून गेल्यानंतर मागे राहिलेल्यांची भाषा गोठून राहिली नाही. तीही बदलतच होती, आणि काही बाबतींत सगळ्यांत वेगाने.

हा बदल सर्वांत ठळक दिसतो तो स्वरांत. पोर्तुगीज शब्दात एका अक्षरावर आघात असतो. युरोपीय पोर्तुगीजमध्ये आघात नसलेले स्वर आक्रसतात: ‘आ’चा दबका ‘अ’ होतो, ‘ओ’चा ‘उ’ होतो, आणि ‘ए’ इतका पुसट होतो की भरभर बोलताना बहुतेक वेळा गळूनच पडतो. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘कमळ’ या शब्दातल्या ‘ळ’मध्ये लिपीच्या नियमाने ‘अ’ आहे, पण तो कुणी उच्चारत नाही. ‘करवत’ बोलताना ‘र’मधला ‘अ’सुद्धा जातो. लिस्बनने हेच ‘ए’च्या बाबतीत केले, आणि तेही अधिक सढळपणे. त्यामुळे व्यंजने एकमेकांवर येऊन आदळतात आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या कित्येकांना ही भाषा रशियन किंवा पोलिश वाटते. ब्राझीलचा कल उलटा आहे. तिथे शेवटच्या ‘ए’चा बहुतेक ठिकाणी स्पष्ट ‘इ’ होतो आणि ‘ओ’चा ‘उ’, पण शब्दाच्या आतले स्वर शाबूत राहतात. एवढेच नाही, जोडव्यंजन जड वाटले तर ब्राझीलचा माणूस मध्ये स्वतःचा स्वर घालतो. वकिलाला लिहितात ‘अद्वोगादो’ आणि म्हणतात ‘आजिवोगादु’. टायरला लिहितात ‘प्नेउ’ आणि म्हणतात ‘पिनेउ’. फेसबुकचे होते ‘फेइसिबुकि’. एका देशात स्वर काढून टाकतात, दुसऱ्या देशात नसलेले स्वर भरतात. साहजिकच दोन्हीकडची लयही वेगळी होते: लिस्बनच्या बोलण्यात वाक्य आघातापासून आघातापर्यंत झेप घेते, ब्राझीलमध्ये ते अक्षरागणिक चालते.

यातली कोणती पद्धत जुनी? पुरावा तीन दिशांनी येतो. पहिला छंदाचा. लुईश द कामोंइश या कवीचे ‘लुसिआदास’ हे महाकाव्य 1572 साली छापले गेले. त्याच्या ओळी शेवटच्या आघातापर्यंत दहा अक्षरांच्या मापाने बांधलेल्या आहेत. आजच्या लिस्बनच्या रोजच्या उच्चाराने त्या वाचल्या तर कित्येक ओळींत अक्षरे कमी भरतात. ती भरून काढायला वाचकाला गिळलेले स्वर परत आणावे लागतात. ब्राझीलच्या उच्चाराने ते माप बऱ्याच सहजतेने जुळते. दुसरा पुरावा व्याकरणकारांचा. पोर्तुगीजचे पहिले व्याकरण फेर्नांव द ओलिवेइरा यांनी 1536 मध्ये लिहिले. त्यांचा कान ध्वनींबाबत तिखट होता, आणि स्वरांचे मोठे-छोटे प्रकार त्यांनी बारकाईने सांगितले. पण स्वर गिळले जात असल्याचे जे दृश्य आज कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही, ते त्यांच्या वर्णनात नाही. तिसरा पुरावा अठराव्या शतकातला. लिस्बनमध्ये त्या शतकाच्या पूर्वार्धात शेवटचा ‘ए’ हा ‘इ’सारखा उच्चारत असत, असे त्या काळच्या लेखनावरून फ्रेंच अभ्यासक पॉल तेसिए यांनी आपल्या 1980 च्या भाषेतिहासात मांडले. त्यांच्या मते तो पुसट आणि शेवटी मूक झाला तो त्यानंतर. म्हणजे रिओच्या ‘तेलेफोनी’मधला शेवटचा ‘इ’ वसाहतीतला अपभ्रंश नसून अठराव्या शतकातल्या लिस्बनचाच असण्याची शक्यता आहे. सर्व अभ्यासक ही मांडणी जशीच्या तशी मान्य करत नाहीत. शेवटच्या ‘ए’चे नेमके मधले टप्पे कोणते, यावर वाद आहे. पण स्वर गिळण्याची आजची तीव्रता पोर्तुगालमध्ये नंतर आली, हे मात्र या वादातही कुणी फारसे नाकारत नाही.

इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या पक्षाला जोर चढतो: मग कामोंइश ब्राझीलच्या माणसासारखाच बोलत असणार. हे वाक्य ब्राझीलमध्ये अभिमानाने सांगितले जाते, पण ते व्यंजनांपाशी अडखळते. ब्राझीलच्या मोठ्या भागात ‘ति’ आणि ‘दि’ हे ध्वनी टिकलेले नाहीत. ‘तिया’ म्हणजे मावशी किंवा आत्या. रिओत ती ‘चिया’ होते, चिमणीतला ‘च’ घेऊन. ‘दिया’ म्हणजे दिवस, त्याचा ‘जिया’ होतो. पोर्तुगालमध्ये हे कधीच घडले नाही. हा ब्राझीलच्या भूमीवरचा बदल आहे. आणि तिथेही तो सगळीकडे पोहोचलेला नाही. रात्रीसाठीचा शब्द घ्या: लिस्बनमध्ये तो ‘नोइत’ असा तुटतो, रिओत ‘नोइची’ होतो, तर ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफेमध्ये ‘नोइती’ असा ऐकू येतो. दक्षिणेकडच्या कुरितिबात शेवटचा ‘ए’ ‘ए’च ठेवण्याची सवय इतकी प्रसिद्ध आहे की ‘गरम दूध’ या अर्थाचे दोन शब्द म्हणायला लावून इतर ब्राझीलवासी कुरितिबाकरांची थट्टा करतात. शब्दाच्या शेवटच्या ‘ल’चेही तेच. पोर्तुगालमध्ये तो जड, घशाकडे ओढलेला ‘ल’ म्हणून टिकून आहे. ब्राझीलमध्ये त्याचा ‘उ’ झाला. देशाचे नावच तिथे ‘ब्राझिउ’ असे उच्चारतात, आणि ‘वाईटपणे’ व ‘वाईट’ हे दोन वेगळे शब्द (‘माल’ आणि ‘माउ’) बोलताना एक होतात, म्हणून शाळकरी मुले लिहिताना गोंधळतात. तेव्हा स्वरांत ब्राझील जुने आणि व्यंजनांत नवे; पोर्तुगाल व्यंजनांत अनेकदा जुने आणि स्वरांत नवे. कामोंइश आज कुठल्याही शहरात उतरला तरी त्याला निम्मे ओळखीचे वाटेल आणि निम्मे विचित्र.

पण लिस्बनची व्यंजनेही सरसकट जुनी नाहीत, आणि याची एक साक्ष मराठीत आहे. किल्लीला पोर्तुगीजमध्ये जो शब्द आहे, तो आज लिस्बनमध्ये ‘शाव्’ आणि रिओत ‘शावी’ असा उच्चारतात. मराठीने तो ‘चावी’ म्हणून घेतला. मराठीला ‘श’ उच्चारण्यात काहीच अडचण नव्हती. ‘च’ घेतला याचे सरळ कारण म्हणजे कानावर ‘च’ पडत होता. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजमध्ये लिपीतली ही अक्षरजोडी ‘च’ म्हणूनच बोलली जायची, आणि ‘श’साठी वेगळे अक्षर होते. सतराव्या शतकापासून दक्षिण पोर्तुगालमध्ये हा ‘च’ ‘श’मध्ये विरघळू लागला, तिथून तो बदल राजधानीच्या भाषेत पक्का झाला आणि ब्राझीलच्या बहुतेक भागातही तोच रुळला. उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ त्राझ-उज-मोंतिशमध्ये मात्र जुना ‘च’ टिकून राहिला. तिथल्या गावांत ‘स’चे दोन आणि ‘झ’चे दोन असे चार वेगळे ध्वनीही राखले गेले, त्यांचा भेद पोर्तुगीज शुद्धलेखनात आजही लिहिला जातो आणि लिस्बनचा माणूस तो केवळ पाठ करतो. म्हणजे लिपी ज्या उच्चारावर बेतली, तो उच्चार राजधानीत नाही, खेड्यात आहे. आणि तिथल्या माणसाला शहरात गावंढळ ठरवले जाते. ब्राझीलच्या मध्यभागी असलेल्या कुयाबा परिसरातही ‘च’ ऐकू येतो, आणि तो जुन्या पोर्तुगीजचा अवशेष आहे असे सांगितले जाते. इथे सावध राहायला हवे. कुयाबाचे लोक माशाच्या नावातही ‘च’ घालतात, आणि त्या शब्दात जुन्या पोर्तुगीजमध्येही ‘श’च होता. तेव्हा तिथला प्रत्येक ‘च’ वारसा असू शकत नाही. काही तरी तिथेच, बहुधा स्थानिक आदिवासी भाषांच्या शेजारात, घडलेले आहे. जुना दिसणारा प्रत्येक ध्वनी जुना नसतो.

अशीच सावधगिरी रिओच्या सुप्रसिद्ध ‘श’काराबद्दल हवी. अक्षराच्या शेवटी येणारा ‘स’ रिओत ‘श’ होतो, साओ पावलोत ‘स’च राहतो, दोन शहरांतल्या चेष्टामस्करीचा हा मुख्य विषय. याची लोकप्रिय कथा अशी: नेपोलियनच्या फौजा चालून आल्या तेव्हा राजपुत्र जुआंव हजारो माणसांच्या लवाजम्यासह 1808 साली रिओत आला, दरबारी लोकांचा लिस्बनी ‘श’ स्थानिकांनी मोठेपणासाठी उचलला, आणि तो कायमचा चिकटला. गोष्ट आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्याचा अंशही असेल, पण तेवढ्याने भागत नाही. अमेझॉनच्या मुखाजवळचे बेलें, ईशान्येचे रेसिफे आणि दक्षिणेचे फ्लोरियानोपोलिस या शहरांतही हा ‘श’ आहे, आणि तिथे कुठलाही दरबार उतरला नव्हता. फ्लोरियानोपोलिसच्या किनाऱ्यावर 1748 ते 1756 या काळात अझोर्स बेटांवरून काही हजार लोक येऊन वसले. तिथल्या ‘श’चा माग त्यांच्यापर्यंत जातो. आणि शेवटच्या ‘स’चा ‘श’ होत असल्याची पोर्तुगालमधली पहिली स्पष्ट नोंद लुईश अंतोनियु वेर्नेइ यांच्या 1746 च्या शिक्षणविषयक ग्रंथात मिळते. साओ पावलोची स्थापना 1554 ची, आणि हे शहर पुढची दोन शतके किनाऱ्यापासून आत, डोंगरामागे बऱ्याच अंशी स्वतःच्या तंत्राने राहिले. तिथला साधा ‘स’ हा त्याआधीच्या काळातला असावा, हा तर्क म्हणूनच अधिक पटतो. या एका ध्वनीपुरते पाहिले तर साओ पावलो लिस्बनपेक्षा आणि रिओपेक्षा जुने ठरते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. बदल दोन्हीकडे झाले हे मान्य. पण पोर्तुगालमधले बदल भाषेच्या आतून आले आणि ब्राझीलमधले बाहेरच्या भाषांच्या मिश्रणातून, म्हणून दोन्हींना एका तराजूत तोलता येणार नाही. ब्राझीलमध्ये तुपी कुळातली ‘सामान्य भाषा’ मोठ्या भूभागावर व्यवहाराची भाषा होती, आणि तिच्या जागी पोर्तुगीज बसवण्याचा हुकूम 1757 मध्ये मार्किझ द पोंबाल यांच्या राजवटीत निघाला. गुलामगिरीच्या शतकांत चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे तिथे आणली गेली, त्यांतली पुष्कळशी बांटू भाषा बोलणारी होती, आणि त्या भाषांना खुली अक्षरे आवडतात. तेव्हा ‘पिनेउ’मधला जादा स्वर आफ्रिकेतून आला, असे मानणारे अभ्यासक आहेत. दुसऱ्या बाजूला अँथनी नारो आणि मार्ता शेरे यांनी 2007 च्या ग्रंथात दाखवण्याचा प्रयत्न केला की ब्राझीलच्या म्हणून मानल्या गेलेल्या अनेक वैशिष्ट्यांची मुळे पोर्तुगालच्या ग्रामीण बोलींतच सापडतात. हा वाद बाजूला ठेवला तरी आक्षेपाचा पाया ठिसूळ आहे. लॅटिन इबेरियात गेली ती तिथल्या स्थानिक लोकांच्या तोंडूनच पोर्तुगीज झाली. पुढे अरबी राजवटीच्या छायेत शतके काढली. मिश्रणाने अशुद्धता येत असेल, तर ती लिस्बनलाही चिकटते. शिवाय एकच बदल आतूनही येऊ शकतो आणि बाहेरूनही.

याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आहे. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजपासून जन्मलेली एक भाषा घरात बोलतात. पोर्तुगीजांनी चौल सोडले 1740 मध्ये. त्यानंतर चहूबाजूंनी मराठी असतानाही ही भाषा टिकली. ती पोर्तुगीजची बोली नव्हे, संपर्कातून घडलेली स्वतंत्र क्रिओल भाषा आहे, आणि तिचा सविस्तर अभ्यास क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला आहे. तिचे बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. मूळ पोर्तुगीजमध्ये हे ‘नोस्सा लिंग्वा’ असे होते. शेवटचे स्वर कोर्लईत गळून पडले, आणि शब्दाअखेरचा ऱ्हस्व स्वर न उच्चारणारी मराठी चारी बाजूंना होतीच. लिस्बनने शेवटचे स्वर गाळायला सुरुवात केली ती मराठी न ऐकता. दोन ठिकाणच्या निष्पत्तीत साम्य आहे, कारणांत नाही. म्हणून केवळ कारण बाहेरचे की आतले, एवढ्यावरून एका उच्चाराला कुलीन आणि दुसऱ्याला संकरित ठरवणे तर्काला धरून होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. ‘पोर्तुगालचा उच्चार’ असे ज्याला म्हणतात, तो पोर्तुगालचाही नाही. उत्तरेत, म्हणजे जिथे या राज्याचा आणि या भाषेचा उगम झाला त्या मिन्यो-पोर्तोच्या पट्ट्यात, ‘व’ आणि ‘ब’ यांत भेद करत नाहीत. वाइनला ‘विन्यु’ऐवजी ‘बिन्यु’ म्हणतात. ही सवय 1576 मध्ये दुआर्त नुनेश द लियांव यांनी नोंदवली होती, तीही दोष म्हणून. अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावर ‘उ’ उच्चारताना जीभ पुढे येते आणि फ्रेंचसारखा ध्वनी निघतो. मुख्य भूमीवरच्या पोर्तुगीजांना तिथल्या जुन्या पिढीचे बोलणे समजायला त्रास पडतो. मादेइरा बेटावर ‘इ’नंतरचा ‘ल’ ‘ल्य’ होतो, ‘विला’चे ‘विल्या’ होते. इतक्या छोट्या देशात इतकी विविधता असताना आदर्श म्हणून निवडली गेली ती लिस्बन आणि कोइंब्रा या पट्ट्यातल्या शिकलेल्या लोकांची बोली. एक राजधानीचे शहर, दुसरे जुन्या विद्यापीठाचे. तेराव्या शतकात राजसत्ता कोइंब्राहून लिस्बनला स्थिरावली आणि भाषेचा मध्यबिंदूही उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकला. वेर्नेइ यांनी अठराव्या शतकात, लिस्बन ज्या प्रांतात आहे तिथल्या विद्वानांसारखे बोलावे, असे स्पष्ट लिहिले. प्राचीनता हा निकष असता तर मान उत्तरेला मिळायला हवा होता.

सत्ता उच्चाराला प्रतिष्ठा कशी देते, हे ‘र’च्या इतिहासात स्वच्छ दिसते. पोर्तुगीजचा जोरकस ‘र’ पूर्वी जिभेच्या टोकाने कंप पावत उच्चारत असत. आज लिस्बनमध्ये तो घशातून येतो, फ्रेंच ‘र’सारखा. गोंसाल्विश वियाना यांनी 1883 मध्ये लिस्बनच्या उच्चारांचे पहिले काटेकोर ध्वनिवर्णन केले, तेव्हा घशातला ‘र’ ही त्यांच्या लेखी प्रमाण नसलेली पण पसरत चाललेली लकब होती. दोन-तीन पिढ्यांत ती राजधानीची ओळख झाली, आणि जुना जिभेचा ‘र’ खेडवळ ठरला. ब्राझीलमध्ये याच्या समांतर गोष्ट घडली. साओ पावलोच्या अंतर्भागात ‘पोर्ता’ म्हणजे दार हा शब्द बोलताना ‘र’साठी जीभ मागे वळवतात, बरीचशी इंग्रजी ‘र’च्या अमेरिकी उच्चारासारखी. आमादेउ आमाराल यांनी 1920 मध्ये या कायपिरा बोलीवर ग्रंथ लिहिला आणि ती लयाला जाणार असे त्यांना वाटले. तिची थट्टा शंभर वर्षे झाली, पण तो ‘र’ साओ पावलो, मिनास, पराना आणि गोयास या राज्यांच्या समृद्ध शहरांत आजही ठणठणीत आहे. दरम्यान 1937 मध्ये साओ पावलोतच, कवी मारिओ दि आंद्रादे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेने गायनासाठी प्रमाण उच्चार म्हणून रिओचा उच्चार निवडला. रिओ तेव्हा राजधानी होती. पुढे राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या बातम्यांनी त्यातलाही ठळक ‘श’ बोथट करून कुठल्याच शहराचा न वाटणारा उच्चार पुढे आणला. निकष दर वेळी बदलला. तो सांगणाऱ्यांनी मात्र दर वेळी तो शुद्धतेच्या नावानेच सांगितला.

इथे व्यवहारी वाचक विचारेल की मग प्रमाणभाषा मोडीत काढायची का? प्रत्येकाने आपापले म्हणावे, तर पाठ्यपुस्तके, कायदे, बातम्या कशा चालतील? हा आक्षेप योग्य आहे, पण तो लेखनाला लागू होतो, उच्चाराला नाही. आणि दोन्हींची गल्लत केली की काय होते हे 1990 च्या लेखनकराराने दाखवले. पोर्तुगीज भाषक देशांनी एकसमान शुद्धलेखनाचा करार केला आणि न उच्चारली जाणारी काही व्यंजने काढून टाकली. ‘कृती’ या अर्थाच्या शब्दात पोर्तुगालमध्ये ‘क’साठीचे एक मुके अक्षर होते. ब्राझीलने ते कधीच सोडले होते, कारण तिथे त्याचा उपयोग नव्हता. पोर्तुगालमधल्या विरोधकांचे म्हणणे असे की ते मुके असले तरी निरुपयोगी नव्हते: त्याच्या आधीचा ‘आ’ पूर्ण उच्चारायचा, दाबायचा नाही, अशी खूण त्यात होती. ज्या बोलीत स्वर दबत नाहीत तिला अशी खूण लागत नाही. जिच्यात दबतात तिला ती आधार देते. दोन्ही बाजू आपापल्या उच्चारापुरत्या बरोबर होत्या. करारालाही शेवटी हार मानून काही शब्दांची दुहेरी रूपे ठेवावी लागली: अंतोनियो या नावातला ‘ओ’ पोर्तुगालमध्ये उघडा आणि ब्राझीलमध्ये मिटका, म्हणून त्यावरची खूणही दोन तऱ्हांची. एक लिपी, दोन-तीन मान्य उच्चार, ही व्यवस्था त्यामुळे कच्ची ठरत नाही. इंग्रजी आणि अरबी याच तडजोडीवर शतकानुशतके चालल्या आहेत.

दुसरा व्यवहारी आक्षेप समजण्याचा. ब्राझीलचे लोक पोर्तुगालचे बोलणे ऐकून गोंधळतात, पोर्तुगीज चित्रपट तिथे कधीकधी उपशीर्षकांसह दाखवावे लागतात. उलट दिशेने अडचण फारशी येत नाही. याचा अर्थ लिस्बनचा उच्चार सदोष असा काढला जातो. कारणे साधी आहेत. गिळलेला स्वर ऐकणाऱ्याला स्वतः भरावा लागतो, तर उच्चारलेला स्वर वजा करावा लागत नाही. आणि सवयीचा भागही मोठा: 1977 मध्ये ‘गाब्रिएला’ ही ब्राझीलची मालिका पोर्तुगालच्या टीव्हीवर आली, तेव्हापासून घराघरांत तो उच्चार रोज ऐकला जातो. आता पोर्तुगालमधली लहान मुले यूट्यूबवरून ब्राझीलचे उच्चार आणि शब्द उचलतात, म्हणून पालक चिंता करतात. ब्राझीलच्या भाषेला ‘साखर घातलेली पोर्तुगीज’ असे लाडाने, आणि किंचित खालच्या नजरेने, म्हणणाऱ्या देशात ही चिंता समजण्यासारखी आहे. पण तिचा आधार उच्चारांत नाही. संख्येचे आणि पडद्याचे वजन कुठे सरकले आहे, याची ती जाणीव आहे.

हे वजन पुढे आणखी एकदा सरकण्याची चिन्हे आफ्रिकेत आहेत. अंगोलात 2014 च्या जनगणनेनुसार सुमारे 71 टक्के लोक घरात पोर्तुगीज बोलतात. मोझांबिकमध्ये 2017 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे 17 टक्के होते. स्वातंत्र्यानंतरही, 1975 पासून आजवर, या देशांच्या शाळा लिस्बनचा नियम शिकवतात. पण लुआंडाच्या रस्त्यावर स्वर लिस्बनइतके गिळले जात नाहीत, ‘ति’-‘दि’चा ‘चि’-‘जि’ होत नाही, आणि अक्षरान्ती ‘श’ मात्र पोर्तुगालसारखाच आहे. जुन्या-नव्याची ही तिसरी वाटणी आहे, आणि ती आता शिकलेल्या परकी भाषेची लकब राहिलेली नाही, कारण लाखो मुलांची ती पहिली भाषा आहे. शिक्षक तिच्यातल्या चुका आज लाल शाईने दुरुस्त करतात. घशातल्या ‘र’लाही एकेकाळी चूकच म्हणत होते. लुआंडाचा उच्चार कधी प्रमाण मानला जाईल की नाही, हे त्याच्या ध्वनींत लिहिलेले नाही. ते अंगोलाची वर्तमानपत्रे, विद्यापीठे आणि वाहिन्या किती वजनदार होतात यावर ठरेल. तोपर्यंत ‘शुद्ध पोर्तुगीज कुठे बोलतात’ या प्रश्नाला भाषाशास्त्राकडे उत्तर नाही, आणि ते त्याच्याकडे मागण्यातही अर्थ नाही. कोणता ध्वनी कधी, कुठे आणि कोणाच्या तोंडी बदलला, एवढेच भाषाशास्त्र सांगू शकते.